बॉल पायथनचे आकारमान: खाणे, वय आणि जनुके

बॉल पायथन हा आफ्रिकेतल्या अजगरांमध्ये सर्वांत लहान गणला जातो. सेनेगलपासून पूर्वेकडे युगांडापर्यंतच्या गवताळ माळांत आणि विरळ झाडीत त्याचे वास्तव्य असते. दिवस तो उंदरांच्या बिळात किंवा वारुळाच्या पोकळीत काढतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. ब्रिटनमध्ये त्याला आजही रॉयल पायथन म्हणतात. शांत स्वभाव, आटोपशीर अंग आणि बेताचे खाणे यांमुळे अमेरिका व युरोपात पाळीव सापांमध्ये तो आघाडीवर आहे. या सापाची लोकप्रियताच लहान आकारावर उभी आहे, आणि तरीही पाळणाऱ्यांमध्ये सर्वाधिक कुतूहल असते ते नेहमीपेक्षा खूप मोठ्या निघालेल्या बॉल पायथनबद्दल. असा साप कशामुळे मोठा होतो, त्याचे मोठेपण रक्तातले असते की खाण्यातले, आणि ते पुढच्या पिढीत उतरते का, हे तीन प्रश्न बहुतेक वेळा एकत्र विचारले जातात. त्यांची उत्तरे मात्र वेगवेगळी आहेत.

नेहमीचा आकार कोणता, हे आधी ठरवावे लागते. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू साधारण ४० सेंटिमीटर लांब आणि ५० ते ८० ग्रॅम वजनाचे असते. पूर्ण वाढलेला नर बहुधा ९० सेंटिमीटर ते एक मीटरच्या आसपास थांबतो आणि त्याचे वजन एक ते दीड किलो भरते. मादी १२० ते १५० सेंटिमीटरपर्यंत जाते. तिचे वजन दीड ते अडीच किलो असते. १८० सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट, ही या जातीची वरची हद्द समजली जाते आणि तिथवर पोहोचणारे साप फारच थोडे. महाराष्ट्रातल्या जंगलात आढळणारा अजगर तीन मीटरपर्यंत सहज वाढतो, हे लक्षात घेतले तर सहा फुटी बॉल पायथनला ‘राक्षसी’ म्हणणे इकडच्या वाचकाला गमतीचे वाटेल. आपल्या जातीत मात्र तो राक्षसीच. तीन किलोच्या पुढची मादी मोठी, चार किलोच्या पुढची दुर्मीळ, असा ढोबळ हिशेब पाळणाऱ्यांमध्ये चालतो.

मोजमापाची अडचण

सापाची लांबी मोजणे दिसते तितके सोपे नसते. जिवंत साप सरळ पडून राहत नाही. त्याला ताणून धरले तर मणक्यांमधले सांधे सैलावून लांबी वाढते, आणि सैल सोडले तर तो वळणे घेऊन आखडतो. पडलेल्या कातीवरून लांबी काढणे तर सर्वांत फसवे, कारण निघताना कात खवल्यांमधल्या घड्यांसकट उलगडते आणि मूळ सापापेक्षा बरीच लांब भरते. हात पुढे करून कॅमेऱ्याजवळ धरलेला साप छायाचित्रात दीडपट दिसतो, हेही नवीन नाही. त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे साप निवांत पसरलेला असताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाठीच्या मध्यरेषेवरून दोरी फिरवून ती मोजणे, आणि हे तीन-चार वेळा करून सरासरी घेणे.

मोठ्या सापांबद्दलचे दावे किती फुगतात याचे प्रसिद्ध उदाहरण बर्मी अजगराचे आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या गर्नी इथल्या एका सर्पप्रदर्शनात ‘बेबी’ नावाची बर्मी अजगराची मादी होती. तिची लांबी २७ फूट, म्हणजे सव्वाआठ मीटर, असल्याचे वर्षानुवर्षे छापले जात होते. मृत्यूनंतर मोजमाप झाले तेव्हा ती ५.७४ मीटर भरली. २०१२ मध्ये डेव्हिड बार्कर आणि सहकाऱ्यांनी हे आकडे प्रसिद्ध केले. तिचे वजन १८० किलोच्या वर होते आणि ते खरे होते. लांबीच तेवढी अडीच मीटरने फुगलेली होती. तीस फुटी साप जिवंत आणून देणाऱ्यासाठी न्यूयॉर्कच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने विसाव्या शतकात ठेवलेले बक्षीस तर कुणालाच मिळाले नाही. बॉल पायथनच्या बाबतीत हा फुगवटा काही सेंटिमीटरचाच असतो, पण मुळात साप लहान असल्याने तेवढ्यानेही तो सर्वसाधारण गटातून उचलला जाऊन असाधारण गटात जाऊन बसतो.

वजन मोजणे सोपे, पण त्याचा अर्थ लावणे अवघड. नुकताच मोठा उंदीर गिळलेला साप दोन-तीनशे ग्रॅम जास्त दाखवतो. अजगर आठवडेच्या आठवडे विष्ठा साठवून ठेवतात, तीही काट्यावर येते. गाभण मादीचे वजन तर पूर्णच दिशाभूल करते. एका अंड्याचे वजन ८० ते १०० ग्रॅम असते, आणि एका खेपेला साधारण सहा-सात अंडी धरली तरी पाचशे ते सातशे ग्रॅम निव्वळ अंड्यांचेच होतात. अंडी घातल्यावर मादीची कातडी सैल पडते, पाठीचा कणा वर आलेला दिसतो. त्यानंतर अंडी उबवण्याचे दोन महिने ती बहुधा काहीच खात नाही. तीन किलोची म्हणून नोंदवलेली मादी त्या अवस्थेत दोन किलोच्या आसपास उतरू शकते. म्हणून वजनाच्या एका आकड्यावरून सापाला मोठा म्हणण्यात अर्थ नाही. निदान वर्षभरातल्या अनेक नोंदी हव्यात आणि शेजारी लांबी हवी.

लांबी आणि वजन यांच्यातले नातेही सरळ रेषेतले नाही. अंगाची ठेवण तीच राहिली तर वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढते. १२० सेंटिमीटरची सुदृढ मादी दीड किलोची धरली, तर त्याच बांध्याची १५० सेंटिमीटरची मादी २.९ किलोच्या आसपास आणि १८० सेंटिमीटरची मादी पाच किलोच्या आसपास भरेल. हाच हिशेब उलट लावला की खरे मोठेपण आणि लठ्ठपणा वेगळे करता येतात. १३० सेंटिमीटरच्या मादीचे वजन या हिशेबाने १.९ किलो हवे. तिचे वजन चार किलो भरत असेल, तर ती मोठी नसून बेसुमार खाऊ घातलेली आहे. पाच किलोचा आकडा जाहिरातीत छापताना लांबीचा आकडा का वगळला जातो, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

नर-मादी, वय आणि खाणे

आकारातला सर्वांत मोठा आणि सर्वांत खात्रीचा फरक नर-मादीतला आहे. मादी मोठी असण्याचे कारण अंड्यांशी जोडलेले आहे: मोठ्या मादीच्या पोटात जास्त अंडी मावतात आणि उपासाचे महिने निभावण्याइतकी चरबी साठते. नराला त्या प्रमाणात मोठे होऊन फारसा लाभ नाही. लुका लुइसेली आणि फ्रान्चेस्को आंजेलिची या इटालियन संशोधकांनी नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या जंगली बॉल पायथनचा अभ्यास करून १९९८ मध्ये दाखवले, की हा फरक आहारातही उतरतो. लहान साप आणि नर पक्ष्यांवर जास्त अवलंबून असतात, तर मोठे साप आणि माद्या उंदीर-घुशींसारख्या सस्तन प्राण्यांवर. पाळीव जगात या फरकाचा व्यवहारातला परिणाम असा, की पिल्लू असताना नर म्हणून विकला गेलेला साप प्रत्यक्षात मादी निघाला, तर मालकाला आपला ‘नर’ असाधारण वाढला असे वाटू लागते. पिल्लांचे लिंग ओळखण्यात चुका होतात. म्हणून मोठ्या निघालेल्या नराचे लिंग पुन्हा तपासून घेणे हे पहिले काम.

वयाचा वाटाही लहान नाही. नर दीड-दोन वर्षांत, तर मादी तीन-चार वर्षांत प्रजननक्षम होते. त्यानंतर वाढ मंदावते, पण एकदम थांबत नाही. हा साप जगतोही बराच. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात एक बॉल पायथन ४७ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातल्या, १९६१ पासून तिथे असलेल्या मादीने तर साठी उलटल्यावर, २०२० च्या जुलैत, सात अंडी घातली. तोवर ती पंधराहून अधिक वर्षे नराच्या सहवासात आलेली नव्हती. वीस-पंचवीस वर्षांच्या मादीची तुलना चार वर्षांच्या मादीशी करून पहिलीला ‘मोठ्या वंशाची’ ठरवणे म्हणूनच चुकीचे.

राहिले खाणे. अजगराचे शरीर क्वचित मिळणाऱ्या मोठ्या जेवणासाठी घडलेले असते. बर्मी अजगरावरच्या प्रयोगांत दिसले, की भक्ष्य गिळल्यावर दोन-तीन दिवसांत आतड्याचे वस्तुमान जवळजवळ दुप्पट होते आणि हृदयाचा आकारही सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो; पचन संपले की सारे पूर्ववत. अशा प्राण्याला दर चार-पाच दिवसांनी ठरावीक उंदीर मिळू लागला, की त्याचे शरीर उपासाची तयारी म्हणून चरबी साठवत राहते. निसर्गात तो उपास येतो, पाळीव सापाच्या पेटीत बहुधा येत नाही. जास्त खाऊ घालून वाढ लवकर करून घेण्याचा प्रकार पैदास करणाऱ्यांमध्ये जुना आहे, कारण मादी दीड किलोची झाली की तिच्यापासून अंडी घेता येतात. यातून वाढीचा वेग नक्की बदलतो. अंतिम लांबी किती बदलते, हा वेगळा मुद्दा.

लठ्ठ बॉल पायथन हातात घेतल्यावर लगेच कळतो. सुदृढ सापाचा आडवा छेद गोलसर त्रिकोणी असतो: पाठीचा कणा वर किंचित जाणवतो, बाजूंचे स्नायू घट्ट लागतात, मान धडापेक्षा स्पष्टपणे बारीक असते. लठ्ठ सापाचे धड भरलेल्या गोणीसारखे गोल आणि मऊ लागते, वळताना बाजूला घड्या पडतात, खवले एकमेकांपासून दूर जाऊन मधली कातडी दिसू लागते आणि शेपटीच्या मुळाशी चरबीचा फुगवटा येतो. यकृतात चरबी साठणे हा यातून उद्भवणारा नेहमीचा आजार. अंडी अडकण्याचा धोकाही अशा माद्यांत जास्त. सांगाडा तेवढाच राहून वजन दुप्पट झालेला साप जनुकांबद्दल काहीच सांगत नाही.

बालपणीच्या खाण्याचा परिणाम मात्र सांगाड्यापर्यंत पोहोचतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात फॉग डॅमजवळ थॉमस मॅडसन आणि रिचर्ड शाइन यांनी पाण अजगरांच्या हजारो नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. तिथे उंदरांची संख्या पावसाच्या लहरीप्रमाणे एखाद्या वर्षी अफाट वाढते आणि एखाद्या वर्षी कोसळते. उंदीर भरपूर असलेल्या वर्षी जन्मलेले अजगर पहिल्या वर्षी भराभर वाढले, यात नवल नव्हते. नवल हे, की पुढच्या वर्षांत खाणे सर्वांना सारखेच मिळू लागल्यावरही तेच साप इतरांपेक्षा वेगाने वाढत राहिले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष बॉल पायथनला थेट लावता येत नाही, पण त्याने एक महत्त्वाची शंका उभी केली आहे. एकाच घरात, एकाच पद्धतीने, लहानपणापासून उत्तम खाऊ घातलेली भावंडे मोठी निघाली, तर ते आनुवंशिक मोठेपण असेलच असे नाही. ते बालपणीच्या सुबत्तेचेही असू शकते.

त्याही आधीचा वाटा आईचा. फ्रेंच संशोधक फाब्यां ओब्रे आणि सहकाऱ्यांनी टोगोमध्ये पकडलेल्या माद्यांच्या वेटोळ्यांतली अंडी कमी-जास्त करून पाहिली. जास्त अंडी दिलेल्या मादीला सर्व अंडी नीट झाकता येत नाहीत, त्यांतले पाणी उडते आणि त्याचा फटका पिल्लांना बसतो. आईचे अंगमान, अंड्याचा आकार आणि उबवण्यातला ओलावा या तिन्ही गोष्टी पिल्लाच्या पहिल्या वजनावर ठसा उमटवतात. मोठ्या आईची पिल्ले मोठी निघण्यात आईच्या जनुकांइतकाच आईच्या अंड्याचाही हात असतो, आणि पैदाशीच्या नोंदवहीत हे दोन्ही एकाच रकान्यात जातात.

रंगाची जनुके आणि आकाराची जनुके

बॉल पायथन पाळणाऱ्यांना आनुवंशिकतेची ओळख रंगांमुळे झाली. १९९२ मध्ये अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी धवल, म्हणजे अल्बिनो, बॉल पायथनची बंदिवासात पैदास केली. १९९७ मध्ये पीट काल यांनी पायबाल्ड, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांचा प्रकार, आनुवंशिक असल्याचे सिद्ध केले. त्यानंतर मॉर्फ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रंगप्रकारांचे पेवच फुटले, आणि आज एकेका सापात चार-पाच रंगजनुके एकत्र आणलेली असतात. यातले बहुतेक प्रकार मेंडेलच्या साध्या नियमांनी चालतात. अल्बिनोपण अप्रभावी आहे. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच ते दिसते. मिशिगनमधल्या हॅना सायडेल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाळणाऱ्यांकडून टपालाने कात मागवून तिच्यातला डीएनए वाचला आणि अल्बिनोपणाचे मूळ मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेजच्या जनुकात दाखवले. पायबाल्डचा संबंध टीएफईसी या जनुकाशी असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

या यशामुळे एक समज घट्ट झाला: जे वेगळे दिसते त्याचे एक जनुक असते आणि ते जोडी लावून पकडता येते. आकाराला हा नियम लागत नाही. माणसाच्या उंचीचे उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण प्राण्यांच्या कुठल्याही गुणाचा इतका बारीक अभ्यास क्वचितच झाला असेल. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख माणसांच्या डीएनएच्या विश्लेषणातून उंचीशी जोडलेल्या १२ हजारांहून अधिक जागा समोर आल्या, आणि प्रत्येक जागेचा वाटा मिलिमीटरच्या पातळीवरचा. उंची प्रचंड आनुवंशिक आहे, तरी ‘उंचीचे जनुक’ असे काही नाही. एकट्या जनुकाने आकार बदलण्याची उदाहरणे नाहीत असे नव्हे. कुत्र्यांच्या लहान जातींमध्ये आयजीएफ-१ या वाढीच्या संप्रेरकाच्या जनुकाचा एक प्रकार मोठी कामगिरी बजावतो, हे २००७ मध्ये दिसले. बेल्जियन ब्लू गाईंचे फुगीर स्नायू मायोस्टॅटिनच्या बिघाडामुळे येतात. पण अशा जनुकांचा माग त्यांच्या वारशाच्या ठशावरून लागतो: पिल्लांचे स्पष्ट दोन गट पडतात, मोठी आणि नेहमीची. बॉल पायथनच्या एका खेपेतली पिल्ले वाढल्यावर वजनांची रांग सलग लागते, मधे खंड पडत नाही. अनेक जनुकांनी मिळून घडवलेल्या गुणाची हीच खूण.

रंगाचे जनुक शरीरात आणखी कुठे काय करते, हा प्रश्न मात्र खरा आहे. ‘स्पायडर’ या प्रकारच्या सापांची मान हलत राहते, कधी ते डोके उलटे करतात. २०२२ मध्ये या सापांच्या आतल्या कानाची घडणच बिघडलेली असल्याचे आढळले. एकच जनुक खवल्यांच्या नक्षीपासून तोल सांभाळण्यापर्यंत पोहोचत असेल, तर एखादे जनुक वाढीलाही स्पर्श करू शकेल, हे तत्त्वतः मान्य करायला हवे. अमुक मॉर्फची पिल्ले लहान राहतात, तमुक मॉर्फची दांडगी होतात, अशी विधाने विक्रेते सर्रास करतात. त्यांत एक मेख असते. नवा मॉर्फ एक-दोन मूळ सापांपासून सुरू होतो आणि सुरुवातीच्या पिढ्यांत जवळच्या नात्यात जोड्या लावल्या जातात. मूळ साप योगायोगाने मोठा असेल, तर त्याची वाढीची जनुकेही रंगासोबत वाहत येतात. नातेसंबंधातल्या पैदाशीमुळे अंग खुरटले, तर तेही त्या रंगाच्या नावावर जमा होते. रंगाचे जनुक बाळगणारी आणि न बाळगणारी सख्खी भावंडे सारख्याच खाण्यावर वाढवून तोलल्याशिवाय यातला निवाडा होत नाही.

लिंगनिश्चितीचा शोधही रंगामुळेच लागला. सापांमध्ये पक्ष्यांप्रमाणे मादीच्या गुणसूत्रांवरून पिल्लाचे लिंग ठरते, असे अनेक दशके मानले जात होते. ‘बनाना’ किंवा ‘कोरल ग्लो’ या रंगप्रकारात पैदासकारांना विचित्र अनुभव येई: काही नरांची त्या रंगाची पिल्ले जवळजवळ सगळी नर निघत, तर काहींची जवळजवळ सगळी मादी. २०१६ मध्ये या नोंदींवरून बॉल पायथनमध्ये माणसासारखी एक्स-वाय पद्धत असावी, असा निष्कर्ष मांडला गेला, आणि २०१७ मध्ये टोनी गॅम्बल आणि सहकाऱ्यांनी बोआ व अजगर या दोन्ही कुळांत ही पद्धत डीएनएवरून दाखवली. नर-मादीच्या आकारातला मोठा फरक ज्या लिंगाशी जोडलेला आहे ते कोणत्या गुणसूत्रांवरून ठरते, हे यामुळे स्पष्ट झाले; आकार त्यांच्याशी कसा जोडला जातो, हे मात्र नाही.

नात्यातल्या सापांची साक्ष

आकार सापांमध्ये आनुवंशिक असतो का, याचा भक्कम पुरावा बॉल पायथनबाहेर मिळतो, आणि तो नि:संदिग्ध आहे. पद्धत सोपी: वेगवेगळ्या आकारांच्या दोन वस्त्यांतली पिल्ले एकाच छपराखाली, एकाच खाण्यावर, एकाच तापमानात वाढवायची. फरक उरला तर तो रक्तातला. कॅलिफोर्नियातल्या ईगल लेक परिसरात गार्टर सापांच्या दोन प्रकारच्या वस्त्या आहेत. तळ्याकाठचे साप भराभर वाढून मोठे होतात व लवकर मरतात, तर वरच्या कुरणांतले साप हळू वाढतात, लहान राहतात आणि जास्त जगतात. अॅन ब्रोनिकोव्स्की यांनी दोन्हीकडची पिल्ले प्रयोगशाळेत सारख्या परिस्थितीत वाढवली, तरी तळ्याकाठच्या पिल्लांचा वाढीचा वेग अधिकच राहिला. बेलीझच्या किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटांवरचे बोआ मुख्य भूमीवरच्या बोआंपेक्षा ठेंगणे असतात. त्यांच्या पिल्लांवर स्कॉट बोबॅक यांनी केलेल्या अशाच प्रयोगात ठेंगणेपणाचा काही भाग आनुवंशिक निघाला.

ऑस्ट्रेलियातल्या टायगर सापांची कथा याहून ठळक आहे. बास सामुद्रधुनीतल्या माउंट चॅपल बेटावर समुद्रपक्ष्यांची गुबगुबीत पिल्ले वर्षातले काही आठवडेच मिळतात. तिथले साप थोराड आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रॉक्सबी बेटावर छोटे सरडे हेच मुख्य खाणे, आणि तिथले साप बुटके आहेत. समुद्राची पातळी वाढून ही बेटे मुख्य भूमीपासून तुटली त्याला फार तर दहा हजार वर्षे झाली असतील. म्हणजे निवड कडक असेल तर सापांचे अंगमान उत्क्रांतीच्या मापाने झटपट बदलते.

पाळीव सापांच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण जाळीदार अजगराचे. ही जगातली सर्वांत लांब सापाची जात, सहा मीटरच्या पुढे जाणारी. पण इंडोनेशियातल्या तानाजंपेया बेटावरचे अजगर साधारण दोन-सव्वादोन मीटरवर थांबतात. मार्क आउलिया आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यांना वेगळी उपजात म्हणून नोंदवले. बंदिवासात भरपूर खाऊ घातल्यावर हे बेटावरचे अजगर जंगलातल्यापेक्षा मोठे होतात, मात्र मुख्य भूमीच्या अजगरांची बरोबरी करत नाहीत. दोघांच्या संकरातून मधल्या आकाराचे साप निघतात आणि बेटाच्या रक्ताचा टक्का वाढवत नेला की आकार पायरीपायरीने उतरत जातो. एकाच जातीत खाण्याचा आणि जनुकांचा वाटा शेजारी शेजारी दाखवणारे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

‘मोठ्या वंशा’चे दावे

बॉल पायथनच्या बाजारात ‘व्होल्टा’ नावाने विकले जाणारे साप मोठ्या वंशाचे म्हणून सांगितले जातात. घानाच्या पूर्वेकडच्या व्होल्टा भागातल्या माद्या नेहमीपेक्षा लांब आणि जाड असतात, अशी ही समजूत. भौगोलिक फरक अशक्य नाही. वर दिलेली सारी उदाहरणे भौगोलिकच आहेत. पण गार्टर साप वगळता ती बेटांची आहेत, जिथे पाण्याने वस्त्या तोडलेल्या असतात. पश्चिम आफ्रिकेच्या सलग माळावर तशी तोड सहज सापडत नाही.

शिवाय व्यापाराची रीत या दाव्याच्या मुळावर येते. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून १९७५ पासून तीस लाखांहून अधिक बॉल पायथन निर्यात झाले आहेत. गाभण माद्या किंवा अंडी गावोगावच्या शिकाऱ्यांकडून गोळा करायची, केंद्रावर अंडी उबवायची, पिल्ले परदेशी पाठवायची आणि काही माद्या परत सोडायच्या, असा हा व्यवसाय आहे. सोडलेली मादी पकडलेल्या जागीच सोडली जाईल याची खात्री नसते. अशा साखळीतून आलेल्या पिल्लावर लावलेली भागाची चिठ्ठी विक्रेत्याच्या शब्दावरच टेकलेली असते. मोठी जंगली मादी आयात करून तिला ‘व्होल्टा’ म्हणणे आणि मग ‘व्होल्टा मोठ्या असतात’ असे सांगणे, हा फिरून त्याच जागी येणारा युक्तिवाद झाला.

या व्यापाराची एक वाट भारतातूनही जाते. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात बॉल पायथन सापडण्याचे प्रकार चेन्नई आणि मुंबईच्या विमानतळांवर वारंवार घडले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत खाऊच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. ही जात आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी भारतात सक्तीची झाली असून त्यांचे जन्म, मृत्यू आणि हस्तांतरही कळवावे लागते. चोरट्या मार्गाने आलेल्या सापाला वंशावळ नसते, त्यामुळे त्याच्या आकारावरून काहीच निष्कर्ष निघत नाही.

मोठेपणाचे आणखी एक कारण संकर हे आहे. बंदिवासात बॉल पायथनचा संकर बर्मी अजगराशी, ब्लड पायथनशी आणि अंगोलातल्या जवळच्या नातलग जातीशी झालेला आहे. पहिल्या पिढीतला संकर ओळखू येतो, पण तो पुन्हा एक-दोनदा बॉल पायथनशी जोडला, की डोक्याची ठेवण आणि नक्षी बरीचशी मूळ जातीसारखी होते आणि अंग तेवढे मोठे राहू शकते. दोन मीटरचा ‘शुद्ध’ बॉल पायथन समोर आला, तर त्याच्या वंशावळीची चौकशी वजनाच्या आधी व्हायला हवी.

निवड केली तर

बॉल पायथनमध्ये आकाराचा आनुवंशिक वाटा नेमका किती, हे काढायचे तर पद्धत जनावरांच्या पैदाशीतून आयती मिळते. समजा एका संग्रहात माद्यांचे सरासरी वजन १,८०० ग्रॅम आहे आणि पैदाशीसाठी निवडलेल्या आईबापांचा, लिंगभेद हिशेबात धरून, दर्जा २,६०० ग्रॅमचा आहे. म्हणजे ८०० ग्रॅम जास्त. आनुवंशिक वाटा ४० टक्के धरला, तर पुढच्या पिढीतल्या माद्यांची सरासरी ३२० ग्रॅमने वाढून २,१२० ग्रॅम होईल. उरलेले ४८० ग्रॅम खाण्याचे, वयाचे आणि योगायोगाचे होते. ते वारशात जात नाहीत. उंच आईबापांची मुले सरासरीकडे झुकतात, हे फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये माणसांत दाखवले होते. चार किलोच्या मादीची पिल्ले मोठ्या किमतीला घेणाऱ्याच्या पदरी बहुधा सर्वसाधारणपेक्षा थोडी थोराड पिल्ले पडतात, त्याचे कारण हेच. नराची निवड इथे हमखास दुर्लक्षिली जाते. अर्धी जनुके त्याची असतात, पण त्याचे स्वतःचे अंग लहान असल्याने मोठ्या वंशाचा नर नजरेत भरत नाही. त्याची परीक्षा त्याच्या बहिणींच्या आणि मुलींच्या वजनावरून करावी लागते.

हा वाटा म्हणजे जातीचा कायमचा आकडाही नव्हे. सर्व सापांना एकसारखे खाऊ-पिऊ घालणाऱ्या संग्रहात खाण्यातला फरक नाहीसा होतो आणि जनुकांचा वाटा मोठा दिसतो. प्रत्येक मालकाची पद्धत वेगळी असलेल्या शंभर घरांतले साप एकत्र तोलले, तर तोच वाटा लहान दिसतो.

पैदासकारांनी आजवर निवड केली ती जवळजवळ सगळी रंगावर. मादी तीन-चार वर्षांनी अंड्यांवर येते, म्हणजे १९९२ पासून बंदिवासातल्या पिढ्या मोजल्या तर दहा-अकराच्या पुढे जात नाहीत. एखाद्या आकाररेषेची सहा पिढ्यांची निवड करायची तर वीस वर्षे जातात. तेवढ्या काळात जन्माचे वजन, दर खाण्याची तारीख आणि उंदराचे वजन, ठरावीक वयाची लांबी, अंडी घालण्यापूर्वीचे आणि नंतरचे वजन, आणि लहान निघालेल्या पिल्लांच्याही नोंदी राखाव्या लागतात. शेवटची अट सर्वांत जास्त मोडली जाते, कारण छोटी पिल्ले आधी विकून टाकली जातात आणि संग्रहात उरतात ती मोठीच.